चौराह्यावरच्या अपघातांची नोंद मिळवायची कशी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या चौराह्यावर सारखे अपघात होतात. सिग्नलची मागणी केली तर ‘आकडे आणा’ म्हणतात. माहितीच्या अधिकारात आकडे मागितले, तर ‘चौराहावार माहिती संकलित नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. आता पुढे काय?

उत्तर: त्या एका ओळीवर थांबू नका. नसलेला तक्ता तयार करून देण्याचं बंधन या कायद्यात नाही, म्हणून ‘चौराह्यावर किती अपघात झाले?’ या प्रश्नाला असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण तो तक्ता ज्या कागदांतून बनतो ते कागद पोलिस थान्यात असतात. मागायचे ते कागद.

नवा अर्ज हिंदीत लिहा. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच मानतो, त्यामुळे इथे मराठी अर्ज चालणार नाही. पोलिस आयुक्त कार्यालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्यांच्या (म्हणजे माहिती अधिकाऱ्यांच्या) नावे, 10 रुपये शुल्क भरून, मागच्या पूर्ण तीन कॅलेंडर वर्षांसाठी हे मागा: अमुक थान्यात नोंदलेल्या सर्व रस्ते अपघातांच्या गुन्ह्यांची यादी, आणि त्यात एफआयआर क्रमांक, घटनेची तारीख व वेळ, घटनास्थळ, कलमं. चौराह्याचं नाव घालूच नका. थान्याची पूर्ण यादी घ्या आणि चाळणी घरी लावा. चौराहा दोन थान्यांच्या हद्दीवर असेल तर दोन्ही थान्यांची यादी मागा. रस्त्याच्या एका कडेचा अपघात एका रजिस्टरात आणि समोरच्या कडेचा दुसऱ्या रजिस्टरात जातो, आणि एकाच थान्याची यादी मागण्याची चूक फार वेळा होते.

कलमं नीट लिहा. 1 जुलै 2024 पूर्वीचे गुन्हे जुन्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) 279, 337, 338 आणि 304-अ खाली आहेत, त्यानंतरचे भारतीय न्याय संहितेच्या 281, 125 आणि 106(1) खाली. एकाच संहितेची कलमं दिली तर अर्धा काळ गळतो आणि अपघात कमी झाल्यासारखे दिसतात.

दुसरी मागणी आयरॅड-ईडार या रस्ते अपघातांच्या सरकारी संगणक प्रणालीतल्या नोंदींची. या प्रणालीत पोलिस घटनास्थळावरूनच मोबाइल ॲपवर अपघाताची नोंद करतात. ही नोंद सर्वांना खुली नाही, पण नावं, गाडी क्रमांक आणि पत्ते वगळून तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, धडकेचा प्रकार, वाहनांचे प्रकार आणि इजेची तीव्रता एवढे रकाने मागता येतात. वगळायचं ते वगळून उरलेलं द्या, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 सांगतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा, म्हणजे खासगी माहितीचं कारण पुढे येणार नाही. शक्य तिथे एक्सेल फाइलच मागा. तिसरी मागणी जिल्हा सडक सुरक्षा समितीच्या बैठकांच्या इतिवृत्ताची. ही कलेक्टर कार्यालयाकडे वेगळ्या अर्जाने करा. तुमचा चौराहा त्यात आधीच चर्चिला गेला असेल तर निम्मं काम झालं.

उत्तराची मुदत 30 दिवस. ‘तपास चालू आहे’ असं म्हणून नकार आला, तर तेवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलं आहे. पहिलं अपील 30 दिवसांच्या आत, मध्य प्रदेशात त्याचं शुल्क 50 रुपये. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत, शुल्क 100 रुपये.

यादी हाती आली की खरी मेहनत सुरू होते. एफआयआरच्या छापील नमुन्यात पाचवा रकाना घटनास्थळाचा: थान्यापासून दिशा, अंतर आणि खाली पत्ता. त्या पत्त्यात चौराह्याचं अधिकृत नाव क्वचितच सापडतं. ‘पेट्रोल पंप के सामने’, ‘मंदिर के पास’, ‘स्वीट्स के आगे’ असंच लिहिलेलं असतं. म्हणून आधी चौराह्याभोवतीच्या 100 मीटरमधल्या सगळ्या खुणांची यादी करा, जुनी दुकानं आणि बोलीतली नावंसुद्धा घ्या, आणि त्या प्रत्येक शब्दाने शोधा. तारीख घटनेची धरा, नोंदीची नव्हे. जखमी माणूस बोलण्याच्या स्थितीत येईपर्यंत गुन्हा नोंदायला कधी कधी आठवडा जातो.

मृत्यूच्या बाबतीत आणखी जपा. जखमीला एमवाय रुग्णालयात नेलं आणि तो तिथे दगावला, तर मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) आधी त्या रुग्णालयाच्या हद्दीतल्या थान्यात शून्यावर, म्हणजे तिथला क्रमांक न देता, कायम होतो आणि त्याची डायरी (कागद) नंतर तुमच्या थान्यात येते. मूळ एफआयआरमध्ये तोवर फक्त दुखापतीचं कलम असतं. अपघातानंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूच धरला जातो, म्हणून ‘नंतर वाढवलेली कलमं’ हा रकाना मागायला विसरू नका.

प्रश्न: आमच्या मोजणीत एका वर्षात तीन गंभीर अपघात निघाले. हा ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघातांची जागा) म्हणायचा का?

उत्तर: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी आहे: सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. तुमच्या मोजणीला ती थेट लागू होत नाही, आणि एका वर्षावरून तर काहीच ठरवू नये. यंदा सात आणि पुढच्या वर्षी तीन, असं काहीही न करतासुद्धा होतं. मधल्या काळात स्पीडब्रेकर बसला असेल तर श्रेय त्याला जातं.

आकड्यापेक्षा नमुना दाखवा. अभियंत्याला तोच उपयोगी पडतो. कागदावर चौराहा काढा, प्रत्येक अपघात बाणांनी मांडा: कोण कुठून आलं, कुठे वळत होतं. सहापैकी चार अपघात उजवीकडे वळणारी दुचाकी आणि समोरून सरळ येणारं वाहन यांचे निघाले, तर उजव्या वळणासाठी स्वतंत्र सिग्नलची मागणी पक्की होते. मागून धडका जास्त असतील तर सिग्नलने त्या वाढूही शकतात. तिथे आधी पाहावं लागतं की वाहनं अचानक का थांबतात: कोपऱ्यावरचे ठेले, रिक्षा थांबा की खड्डा. अपघात रात्रीचे असतील तर खांबावरचे दिवे मोजा.

प्रश्न: किरकोळ धडकेनंतर लोक आपसात समेट करून निघून जातात. त्यांचा हिशेब कुठे मिळणार?

उत्तर: एफआयआरमध्ये नाहीच मिळणार. पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन गेला असेल तर त्या कॉलची नोंद राहते. तारीख, वेळ आणि ठिकाण एवढं त्यातून मागून पाहा. बाकी स्वतः मोजा. सकाळी 9 ते 11 आणि संध्याकाळी 6 ते 8, आठवड्यात तीन दिवस, दोघांनी मिळून: जिथे कुणाला करकचून ब्रेक मारावा लागला किंवा गाडी वळवून जीव वाचवावा लागला, तो प्रसंग वेळ आणि दिशेसह लिहा. हे कागद निवेदनाला वेगळं परिशिष्ट म्हणून जोडा. पोलिसांच्या आकड्यांत ते मिसळले, तर एका चुकीवरून सगळाच तक्ता बाजूला ठेवला जातो.