‘मेंदू तपासला तर खरा आकडा कळेल ना?’

रेल्वेच्या मेडिकलमध्ये रंगदृष्टीवर अडकलेली मुलं आईवडिलांबरोबर माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘घाबरल्यामुळे चुकलं असेल का?’ जळगाव जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

मुलाने असिस्टंट लोको पायलटची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पार केली होती. डोक्याला तारा लावून, रंगीत ठिपक्यांची इशिहारा चित्रं दाखवून मेंदूचा प्रतिसाद मोजता येतो, असं वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं. “मॅडम, मेंदूला आकडा दिसत असेल आणि भीतीने तोंडातून भलतंच निघालं असेल, तर मशीन खरं सांगेल ना? तो रिपोर्ट लावून अपील करतो.” आईची भीती निराळीच होती. “याच्या डोक्यात काही बिघाड तर नाही?” मुलगा गप्प. घरी महिनाभर ‘लक्ष देऊन बघितलं नाहीस’ हेच ऐकून तो थकला होता.

मी त्याला विचारलं, तुला कोणते आकडे दिसले? पहिल्या पानावरचा १२ त्याने बरोबर वाचला होता. पुढे मात्र ८ च्या जागी ३, २९ च्या जागी ७०, ७४ च्या जागी २१.

इथेच वडिलांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर होतं. १२ चं पान सगळ्यांना वाचता येतं. चाचणी समजली का, एवढंच ते पाहतं. पुढच्या पानांवर ठिपक्यांचे रंग असे निवडलेले आहेत की लाल-हिरव्याचा फरक कमी जाणवणाऱ्याला त्यातून दुसराच आकडा दिसतो. टोकियोच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत ७४ च्या जागी २१ दिसणं ही ठाऊक असलेली गोष्ट आहे. घाबरलेला माणूस वाटेल तसा चुकतो. या मुलाच्या चुका पुस्तकात आधीच छापलेल्या होत्या. त्याने अगदी नीट लक्ष दिलं होतं आणि दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. हे मी वडिलांना दोनदा सांगितलं, मुलासमोर.

मग मशीनचं काय? मोजमाप खरंच होतं. डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं, तिथे इलेक्ट्रोड लावतात. येणारा संकेत अगदी क्षीण, काही मायक्रोव्होल्टचा, म्हणून चित्र पुन्हा पुन्हा दाखवून सरासरी काढावी लागते. दोन रंगांची उजळता त्या माणसाच्या नजरेला सारखी केली की उरतो फक्त रंगाचा फरक, आणि तो ओळखणाऱ्या मेंदूची लाट स्पष्ट उमटते. न ओळखणाऱ्याची फिकी पडते किंवा दिसतच नाही. पण इशिहाराचे ठिपके लहानमोठे, कमीजास्त उजळ असतात. त्यांच्या नुसत्या असण्यालाही मेंदू प्रतिसाद देतो. तो वेगळा काढणं जिकिरीचं. शिवाय पापण्या लवल्या, डुलकी आली तरी आलेख बदलतो. संशोधनाला हे फार मोलाचं आहे. नोकरीच्या अपिलात मात्र त्याने निकाल फिरेल, अशी आशा मी दिली नाही. कारण फरक मेंदूपर्यंत पोचण्याआधीच हरवतो: डोळ्याच्या आतल्या पडद्यावर लाल किंवा हिरवा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींत.

आईला हे ऐकून आधी हायसं वाटलं. मग तिला आपल्या भावाची आठवण झाली, त्यालाही पिकलेला टोमॅटो रंगावरून ओळखता येत नसे, आणि तिचे डोळे भरले. ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण कोणतं द्यायचं हे आई ठरवत नाही, आणि गरोदरपणात काही केल्याने वा न केल्याने हे होत नाही. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टनही असेच होते. डोळ्यातला द्राव निळा असावा, अशी त्यांची समजूत. १८४४ मध्ये मृत्यूनंतर डोळा तपासला तर द्राव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या डीएनएवरून १९९५ मध्ये खरं कारण कळलं.

पाठांतराने इशिहारा पार करून देणारे क्लास आणि महागडे रंगीत चष्मे, दोन्हींपासून दूर राहा, असं मी स्पष्ट सांगितलं. चष्म्याने छटांतला फरक ठळक होतो, नवी शंकुपेशी येत नाही. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर तिथल्या रेल्वेत रंगदृष्टी तपासायला सुरुवात झाली. सिग्नल वाचणाऱ्याच्या मागे शेकडो माणसं बसलेली असतात. निवृत्त रेल्वेवाले वडील यावर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

दार एकच बंद झालं आहे, हे मुलाला समजायला वेळ लागला. रेल्वेच्या मेडिकलचे वर्ग असतात. लोको पायलटला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याला, ए-१ लागतं. सी-२ वर्गातल्या कारकुनी पदांना रंगदृष्टीची अट नसते. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवानाही मिळू शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेला अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. आता तो जाहिरात आली की आधी मेडिकलचा वर्ग बघतो, मगच फॉर्म भरतो. नेत्रतज्ज्ञाकडून त्याने दोषाचं प्रमाण किती आहे तेही लिहून घेतलं आहे, आणि मामांना तपासायला घेऊन जाणार आहे.