पहिली धार बाजूला का काढतात?

प्रश्न : वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. त्यांचे मित्र 'पहिल्या धारेची' म्हटलं की मिशीवर ताव द्यायचे. आता भाचा विमानतळावरून कोन्याक घेऊन आलाय. तो म्हणतो, फ्रेंच लोक पहिली धार घेतच नाहीत. खरं कोणाचं?
— एक वाचक, कळवा

उत्तर : दोघांचंही. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यांत कडक, एवढंच त्या मित्रांना म्हणायचं होतं. कडक आणि चांगली यांत फरक आहे. तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात मी ३१ वर्षं डिस्टिलेशनवर काढली, त्यामुळे धारेचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

कोन्याक हे फ्रान्समधलं शारांत नदीकाठचं गाव, आणि त्या भागातल्या द्राक्षाच्या वाइनमधून गाळलेल्या ब्रँडीचंही नाव तेच. मुलगी बोर्डोला होती तेव्हा एका जानेवारीत तिथल्या शेतकऱ्याची भट्टी बघून आलो. जानेवारीच, कारण त्या हंगामाची वाइन ३१ मार्चच्या आत गाळून संपवायची असा तिथला नियम आहे. विटांच्या भट्टीवर तांब्याचा हंडा, त्यावर कांद्याच्या आकाराचं टोपण, तिथून हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी आणि पुढे थंड पाण्याच्या टाकीत तिचंच वेटोळं. आतून कल्हई नाही! माझ्या आईने त्या माणसाला दारातच झापलं असतं. पण तिथे उघडं तांबंच लागतं. वाफेतले गंधकाचे कुजकट वास ते धरून ठेवतं.

गाळतात दोनदा. पहिल्या खेपेला ८-१० टक्के अल्कोहोलच्या वाइनमधून तीसेक टक्क्यांचा गढूळसर द्रव निघतो, त्याला ब्रुयी म्हणतात. तो पुन्हा हंड्यात जातो आणि खरी कसोटी लागते ती इथे. सुरुवातीची एखाद-दोन टक्के धार वेगळी काढतात. तिचं नाव 'डोकं'. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट असतं, नेलपॉलिश पुसायच्या बाटलीसारखा वास येतो. मग येतं ते 'काळीज', सत्तर-बहात्तर टक्क्यांचं. धार साठाच्या आसपास उतरली की तोडायची. आधीचं-नंतरचं बहुधा पुढच्या घाण्यात मिसळतात, म्हणजे फेकत नाहीत हो, शेतकरीच शेवटी. नळीपाशी काचेत अल्कोहोलमीटर तरंगत होता, पण मालक त्याच्याकडे बघेचना. दोन थेंब तळहातावर चोळायचा, नाक लावायचा, पुन्हा चोळायचा. आमच्याकडे पॅनलवर आकडा दिसल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायची परवानगी नव्हती.

डोकं काढलं की विष गेलं, असं मात्र समजू नका. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असं एका झटक्यात वेगळं होत नाही. नीट केलेल्या द्राक्षाच्या ब्रँडीत ते मुळातच थोडं असतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती धार चुकली म्हणून नव्हे. त्या दारूत कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. आमच्याकडे त्याची पिंपं कुलपात असत.

प्रश्न : नाशिकची द्राक्षं इतकी गोड, मग त्यांचं कोन्याक का होत नाही?
— एक वाचिका, ऐरोली

उत्तर : कोन्याक हे नाव त्या भागाबाहेर वापरताच येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे गोडीच आड येते. तिथलं मुख्य द्राक्ष उनी ब्लाँ. मी तोंडात टाकलं नाही (जानेवारीत वेलीवर काय असणार?), पण त्याची वाइन चाखली. आंबट, पाणचट, दुसरा घोट घ्यावासा वाटू नये अशी. हा आंबटपणाच कामाचा, कारण गाळेपर्यंत वाइन गंधकाची भुकटी-धुरी न लावता टिकवायची असते. गंधक घातलं तर ते वाफेबरोबर वर येतं. आणि साखर कमी म्हणून अल्कोहोल कमी, त्यामुळे एक लिटर काढायला नऊ-दहा लिटर वाइन लागते. तेवढ्या वाइनचा सुवास त्या एका लिटरात गोळा होतो. आपल्या थॉम्पसन द्राक्षांची गोडी ताटलीतच बरी.

पुढे ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं. बाटलीवर 'एक्सओ', म्हणजे जास्त मुरलेली, असं लिहायला दहा, २०१८ पर्यंत सहा पुरत. पिंपातून दरवर्षी दोनेक टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते, कोठारांच्या भिंती-कौलं काळीकुट्ट. मला क्षणभर श्रावणातली वाशी आठवली.

प्रश्न : नातवाला सर्दी झाली की छातीला ब्रँडी चोळावी का? सून नको म्हणते.
— एक आजी, घणसोली

उत्तर : सूनबाईंचं ऐका. तान्ह्या बाळाच्या कातडीतून अल्कोहोल अंगात शिरतं. बाळाला डॉक्टरांना दाखवा. आणि बाटलीची काळजी करू नका. पिंपातून निघालेली ब्रँडी बाटलीत आणखी मुरत नाही, बूच घट्ट असेल तर लवकर बिघडतही नाही.