पुढं जायची घाई कुणालाच का नव्हती?

मागच्या अंकात ट्रॅक सायकलिंगच्या, म्हणजे वळणावर कललेल्या बंदिस्त लाकडी मार्गावरच्या सायकल शर्यतींच्या, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथं घेते. मी स्वतः बारा वर्षं ट्रॅकवर शर्यती केल्या, त्यामुळे काही उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : नातवाबरोबर टीव्हीवर स्प्रिंट पाहिली. दोघंच स्पर्धक, आणि सुरुवातीला दोघंही रमतगमत चाललेले. एक जण तर जागच्या जागी थांबलाच! जगज्जेतेपदाची शर्यत, आणि पुढं जायची घाई कुणालाच नाही? हे आधी ठरवून केलेलं तर नव्हे? (एक निवृत्त शिक्षक)

काका, ठरवून केलेलं अजिबात नाही. त्या संथ फेऱ्यांतच अर्धी शर्यत होऊन जाते.

जो पुढं असतो तो सगळा वारा अंगावर घेतो. मागचा त्याच्या आडोशाला बसतो, दम राखतो, शिवाय त्याला पुढच्याची प्रत्येक हालचाल दिसते. पुढच्याला मात्र सारखं खांद्यावरून मागं बघावं लागतं. म्हणून पुढं राहायची हौस कुणालाच नसते. सोडतीत ज्याला आतली जागा मिळते, त्यानं सुरुवातीला पुढं राहायचं असा नियमच करावा लागला आहे. दुसऱ्याला पुढं ढकलण्यासाठी सायकलवर तोल सांभाळत जागीच उभं राहायचं, हा जुना डाव. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये इटलीचा जोव्हानी पेत्तेनेला आणि फ्रान्सचा पिएर त्रांतँ जवळजवळ २२ मिनिटं असे उभे होते. आता थांबण्यावर मर्यादा आहे.

नातवाला पुढच्या वेळी एक गोष्ट दाखवा. दोघंही वळणावर वर, कठड्याजवळ का जातात? २५० मीटरच्या ट्रॅकला वळणावर बेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा उतार असतो. कठड्याजवळचा सायकलपटू तळापासून चार मीटरहून जास्त उंच असतो. तिथून ताशी ३६ किलोमीटरनं चाललेली सायकल खाली सोडली, तर वाऱ्याचा अडथळा वगळता ती नुसत्या उताराच्या जोरावर ४८ च्या आसपास पोहोचते. तुम्ही शिक्षक आहात, फळ्यावर मांडून बघा. तो उतार कुठल्या क्षणी वापरायचा, याचाच डाव चाललेला असतो. लवकर सुटलात तर शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जड होतात, उशीर केलात तर समोरचा आधीच तळाजवळच्या लाल रेषेच्या आत शिरलेला असतो. शेवटच्या २०० मीटरमध्ये पुढच्यानं ती रेषा धरली की तो ती सोडू शकत नाही, आणि मागच्याला आतून घुसता येत नाही. त्याला बाहेरून, लांबच्या वाटेनं जावं लागतं.

जपानच्या कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं व्यावसायिकांच्या स्प्रिंटचं जगज्जेतेपद राखलं. दहा वर्षं प्रत्येक जण त्यांचा डाव ओळखायला टपलेला, आणि तरी! मला आजही हे खरं वाटत नाही.

प्रश्न : चौघांच्या परस्यूटमध्ये एक गडी मध्येच गळाला, तरी संघ जिंकला. मग चौथा कशाला?

परस्यूटमध्ये दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि ४,००० मीटर कोण आधी पुरं करतं ते बघतात. वेळ तिसऱ्याच्या पुढच्या चाकावर मोजतात, चौथ्याच्या नाही. त्यामुळे एकानं पुढं राहून अंगातलं होतं-नव्हतं ते सगळं द्यायचं आणि वळणावर वर चढून बाजूला व्हायचं, हा हिशोब आधीच ठरलेला असतो. गळाला म्हणू नका, त्याचं काम झालं म्हणा. टोकियोत २०२१ साली झालेल्या ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत इटली डेन्मार्कच्या मागं होती. शेवटच्या फेऱ्यांत फिलिप्पो गान्नानं संघाला ओढून नेलं आणि इटली ०.१६६ सेकंदानं जिंकली. ४,००० मीटर गेल्यावर फरक उरला तो जेमतेम तीन मीटरचा.

प्रश्न : मॅडिसनमध्ये जोडीदाराला हात धरून ढकलतात ते नियमात बसतं? आणि कोण शर्यतीत आहे हे कळतं कसं?

बसतं. तीच तर या शर्यतीची जान आहे. नाव न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून पडलं. तिथं सहा-सहा दिवस सायकल चालवायच्या शर्यती व्हायच्या आणि माणसं अक्षरशः भ्रमिष्ट व्हायची. मग एकानं दिवसात बारा तासांपेक्षा जास्त चालवू नये असा कायदा झाला, आणि आयोजकांनी जोड्या लावल्या.

जोडीतला एक जण शर्यतीत, दुसरा वरच्या बाजूनं संथ फिरत असतो. शर्यतीतला मागून वेगानं येतो, दुसरा खाली उतरून हात मागं करतो, आणि पहिला आपला सगळा वेग त्या हातातून त्याला देतो. झटका खांद्यापर्यंत जातो. बोटं गुंतवायची नाहीत, तळव्यात तळवा घट्ट बसवायचा, नजर पुढं. माझी जोडीदार उजव्या हाताला चिकटपट्टी गुंडाळायची, घामानं निसटू नये म्हणून. एकदा सरावात माझा हात तिच्या मनगटावरून घसरला आणि ती रिकामा हात मागं धरून तशीच पुढं गेली. तो रिकामा हात मला अजून दिसतो.

हो, फक्त सरावात. आमच्या वेळी बायकांना जगज्जेतेपदाची मॅडिसन नव्हतीच. पुरुषांची १९९५ पासून आहे, बायकांची २०१७ला आली. हाँगकाँगमध्ये बेल्जियमच्या योलियन द'होरे आणि लोट्टे कोपेकी जिंकल्या, तेव्हा मी रडले. जागतिक स्पर्धा १८९३ मध्ये शिकागोला सुरू झाली आणि बायकांना पहिल्यांदा १९५८ मध्ये घेतलं, म्हणजे वाट बघणं आम्हाला नवीन नाही. राग मात्र अजून येतो.

कोण शर्यतीत आहे हे बघायचं असेल तर खालच्या घोळक्याकडे बघा, वरच्यांना सोडून द्या.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला ट्रॅकवर जायचंय. त्या सायकलला ब्रेकच नसतात असं कळलं आणि माझी झोप उडाली. पाठवू का? (एक आई)

ताई, ब्रेक नसतात ते सगळ्यांच्या भल्यासाठी. मागच्याचं चाक तुमच्या चाकापासून वीतभरावर असताना तुम्ही एकदम ब्रेक दाबलात तर मागचे सगळे तुमच्यावर येतील. या सायकलला मोकळं चाक नसतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच. वेग कमी करायचा तर पायानं उलटा जोर द्यायचा किंवा उतारावर वर चढायचं. सगळ्यांना तेवढंच करता येतं, म्हणून समोरचा काय करेल याचा अंदाज बांधता येतो.

पण धोका नाही असं तुम्हाला सांगणार नाही. मी पडले आहे, मांडीतून ट्रॅकच्या लाकडाच्या कपच्या काढून घेतल्या आहेत. त्याहून वाईटही घडतं. जर्मनीची क्रिस्टिना फोगेल, अकरा जागतिक आणि दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी, २०१८ मध्ये सरावात दुसऱ्या सायकलपटूवर आदळली आणि तिचे पाय कायमचे लुळे पडले. हा अपघात शर्यतीत नाही, सरावात झाला, हे लक्षात ठेवा आणि त्यावरूनच प्रशिक्षक पारखा. एका वेळी ट्रॅकवर किती जण सोडतात? वरून खाली येण्याआधी मुलांना खांद्यावरून मागं बघायला लावतात का? मोठ्यांचा वेगाचा सराव चालू असताना नवख्यांना बाहेर ठेवतात का? या तिन्हींची उत्तरं ठाम मिळाली तर पाठवा. मी माझ्या भाचीला पाठवलं आहे.

सुरुवात तळाच्या निळ्या सपाट पट्ट्यावरून होते. मग काळी रेषा, मग लाल, आणि बऱ्याच दिवसांनी वरची निळी. पहिल्यांदा उतारावर जाताना तिला वाटेल, आपण खाली घसरणार. तिथं प्रत्येकाचा पाय आपोआप ढिला पडतो, आणि घसरायला होतं ते त्यामुळेच. वळणात शिरताना पायाचा जोर वाढवायचा, हे तिला आधीच सांगून ठेवा. पहिल्या दिवशी तुम्ही वळणापाशी कठड्याला धरून उभ्या राहा. खाली लाकडावर चाकांची घरघर ऐकू येईल आणि ती तुमच्या अगदी जवळून जाईल. त्या वेळी तिला हाक मारू नका, ती वर बघेल. वरच्या निळ्या रेषेपर्यंत पोहोचली की मला दोन ओळी लिहा.