मीटर त्याच्या नावावर आहे, मी काय करू?

“ताई, मारहाण नाही हो. फक्त बिल भरत नाही.” हे वाक्य बायका ओशाळून बोलतात. या बाईंचा नवरा चार महिन्यांपासून वेगळा राहतो. घर त्याचं, मीटर त्याच्या नावावर, बिलाचे मेसेज त्याच्या मोबाइलवर. गॅसच्या डिलिव्हरीचा कोडही तिकडेच जायचा. तो फोन उचलत नसे आणि भरलेला सिलिंडर दारातून परत जाई.

ही हिंसाच आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ येतो. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी भरतात त्या घटना अहवालाच्या नमुन्यात वीजबिल वगैरे न भरणं हा मुद्दा छापलेलाच आहे. मारहाणीचं सांगता सांगता तो राहून जातो, तेवढा आवर्जून नोंदवून घ्या.

थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते (विद्युत कायदा, 2003, कलम 56). गोम अशी, की नोटीस ग्राहकाला जाते, म्हणजे त्यालाच. म्हणून वाट पाहू नका. जुन्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून ठेवा. तो असला की बिल कुणालाही भरता येतं. रोख देऊ नका, स्वतःच्या खात्यातून भरा. हीच नोंद पुढे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 खाली पैसे मागताना लागते.

मीटरवरचं नाव बदलायची घाई मात्र नको. मालकीची कागदपत्रं किंवा त्याची संमती मागतात आणि तो सावध होतो.

त्यानेच अर्ज देऊन पुरवठा बंद केला तर? न्यायालयात कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्याच कलम 12 च्या अर्जाबरोबर कलम 23 चा अंतरिम आदेश मागा. ‘घराबाहेर काढू नये’ एवढ्यावर वीज कार्यालयातला कारकून हलत नाही. ‘वीज, पाणी, गॅस बंद करू नये, चालू बिलं त्याने भरावीत’ असं स्पष्ट मागा आणि ग्राहक क्रमांक घाला. आदेशाची प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या.

घर सोडून भाड्याने राहणार असाल, तर विद्युत कायद्याच्या कलम 43 प्रमाणे राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते. तिथे नवा मोबाइल क्रमांक आणि नवा ईमेल द्या. जुना ईमेल त्याच्या फोनवर उघडा असेल, तर पहिल्याच बिलासोबत नवा पत्ता त्याच्या हाती पडतो.