छोट्या इंजिनासाठी सुपरचार्जर निवडताना: वाचकांचे प्रश्न

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून आत जास्त हवा ढकलणारा ब्लोअर. रूट्स, स्क्रू आणि सेंट्रिफ्यूगल हे त्याचे प्रकार, आणि त्याने वाढवलेला दाब म्हणजे बूस्ट. या वेळचे जवळपास सगळे प्रश्न पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ बद्दल आहेत. ही गाडी १९८९ ते ९७ या काळातली. १.६ लिटरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.४, ताकद साधारण ११५ अश्वशक्ती. खालची गणितं इतर चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांनाही चालतील, फक्त आकडे आपापले घाला.

प्रश्न: १९९२ची १.६ आहे. रविवारी वळणावळणाच्या रस्त्यांवर चालवतो. रूट्स घ्यावा, स्क्रू की सेंट्रिफ्यूगल? (लेस्टर)

तुमच्या गाडीचा आरपीएमचा काटा जास्त वेळ कुठे असतो, ते आधी बघा. अशा रस्त्यावर तो बहुतेक ३ ते ५ हजारांत खेळतो. रूट्स आणि स्क्रू दर फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतात, त्यामुळे अडीच हजारांवरही बूस्ट हाताशी असतो. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे चढतो. ७ हजारांवर ०.५ बार मिळत असेल, तर साडेतीन हजारांवर जेमतेम ०.१२. ट्रॅकवर हे खपून जातं, तुमच्या रस्त्यावर नाही.

रूट्सचं दुखणं म्हणजे उष्णता. बाहेर ३० अंश असताना ०.५ बार बूस्ट घेतला आणि कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर हवा ९८ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा विरळ. म्हणजे गेजवर दीडपट दाब दिसतो, पण इंजिनात प्रत्यक्ष २३ टक्केच जास्त हवा जाते. ६० टक्के काम करणारा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा रेडिएटर) लावला की तीच हवा ५७ अंशांवर येते आणि वाढ ३८ टक्क्यांवर जाते. बूस्ट तोच, सुपरचार्जरची पुली जरा लहान, ताकद मात्र कितीतरी जास्त. बूस्ट म्हणजे इंजिनाच्या दाराशी तुंबलेली हवा. आत किती गेली ते तो आकडा सांगत नाही.

स्क्रू या बाबतीत सरस आहे, पण महागही. तुम्ही ईटन एम४५ (रूट्स प्रकारचा) आणि इंटरकूलर घ्या, ०.४ ते ०.५ बारवर थांबा. इंटरकूलरला पैसे उरत नसतील तर ०.३५ बारच्या वर जाऊ नका. आणि विमा कंपनीला बदल कळवा. नाही कळवला, तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येईल.

प्रश्न: १९९६ची १.८ आहे. मित्र मिनी गाडीतला एम४५ स्वस्तात देतोय. तो घ्यावा की एम६२? पुली किती मापाची? (सॅन होजे)

नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात ढकलली जाणारी हवा, घनइंचांत. ४५ म्हणजे ७३७ सीसी, ६२ म्हणजे १,०१६ सीसी. गळती वजा जाता ८५ टक्के धरा: ६२६ आणि ८६४.

तुमचं इंजिन १,८३९ सीसी, म्हणजे एका फेऱ्याला निम्मं, ९२०. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के आणि इंटरकूलरसह ३८ टक्के वाढ धरली, तर दर फेऱ्याला सुमारे १,१४० सीसी हवा लागेल. एम४५ला त्यासाठी क्रँकच्या १.८२ पट फिरावं लागतं, म्हणजे ७ हजारांवर १२,७००. एम६२ला १.३२ पट पुरतं, ९,२००. वेग वाढला की रूट्सची कार्यक्षमता घसरते आणि उष्णता वाढते, म्हणून १.८ला एम६२च घ्या. १.६ला हेच गणित केलं तर एम४५साठी १.५८ पट येतं, आणि ते अगदी योग्य आहे.

पुलीसाठी क्रँकची पुली कॅलिपरने मोजा आणि गुणोत्तराने भागा. ती १३० मिमी असेल तर १.३२साठी ब्लोअरची पुली ९८ मिमीची. हा अंदाज झाला. पहिली पुली यापेक्षा ४-५ मिमी मोठी लावा, गेज बघा, मग खाली या.

कॅलिफोर्नियात एक जास्तीची अट आहे. किटला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक नसेल, तर स्मॉग तपासणीत गाडी अडेल. सुटे भाग जमवून केलेल्या जोडणीला तो नसतोच. तेव्हा पुलीच्या आधी हे ठरवा.

प्रश्न: वापरलेला मिनीचा एम४५ घेताना काय तपासावं?

२००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसमध्ये (आर५३) वॉटर पंप ब्लोअरच्या मागच्या गिअरवर चालतो. त्या टोकाचं तेल थोडंसंच असतं आणि नेहमीच्या सर्व्हिसमध्ये कुणी बघत नाही. तेल संपलं की दात झिजतात. मागचं झाकण उघडून बोट घाला. तेल काळं पण ओलं असेल तर चालेल. बोटाला कोरडी, तांबूस भुकटी लागली तर तो ब्लोअर तिथेच ठेवा.

मग पुढची पुली हाताने डावीउजवीकडे हलवा. पुलीमागच्या नाकातला कपलर (पुली आणि रोटर जोडणारा तुकडा) झिजला असेल तर आधी थोडी मोकळी जागा लागते आणि टकटक ऐकू येते. कपलर बदलता येतो, त्यामुळे ही किंमत पाडून घेण्याची संधी समजा. रोटर केसिंगला घासल्याच्या चकचकीत रेषा दिसल्या, तर मात्र बेअरिंग गेलेली आहेत. बायपास झडपेच्या (बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणारी) ॲक्च्युएटरची नळी तोंडाने ओढून बघा: झडप उघडली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर उघडीच राहिली पाहिजे. दोन्ही टोकांना सुपरचार्जरचंच तेल घाला, इंजिन ऑइल नव्हे.

प्रश्न: १.६ला ०.४५ बार बूस्ट आहे. इंधनासाठी दाब वाढवणारा रेग्युलेटर लावलाय. वरच्या आरपीएमला, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दाबलं की खडखड येते. ठिणगीचं टायमिंग १४ अंशांवर आहे.

ॲक्सिलरेटर सोडा आणि दुरुस्ती होईपर्यंत बूस्टमध्ये जाऊ नका. ते नॉकिंग आहे, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटतंय. पिस्टनचा दोन रिंगांमधला काठ तुटायला अशी दोन-चार दाबणी पुरतात.

१४ अंश ही सुपरचार्जर नसलेल्या गाडीची युक्ती. डायग्नोस्टिक डबीतल्या टीईएन आणि जीएनडी या पिना जोडा, इंजिन गरम असताना आयडलवर टायमिंग लाइट धरा, कॅम सेन्सर फिरवून १० अंशांवर आणा. बूस्टमध्ये आणखी मागे यायला हवं: ०.०७ बारला एक अंश, म्हणजे तुमच्याकडे सहा-सात. ते मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) करणार नाही.

इंधनाचंही तसंच. १६० अश्वशक्तीला प्रत्येक इंजेक्टरने मिनिटाला सुमारे २९० सीसी द्यायला हवं. मूळ इंजेक्टर २१०च्या आसपासचे. दाबाने प्रवाह वाढवायचा तर तो वर्गमुळाने वाढतो: १.३८ पट प्रवाहाला १.९ पट दाब. ३ बारचे जवळपास ६ होतात, आणि तीस वर्षं जुना पंप तिथे दम तोडतो. शिवाय १.६च्या एअरफ्लो मीटरचं दार एकदा पूर्ण उघडलं की पुढची हवा ईसीयूला दिसतच नाही.

प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), ३२० सीसी किंवा मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड सेन्सर (मिश्रण मोजणारा) हे एकत्रच घ्या. पूर्ण बूस्टला मिश्रण (इंधनाच्या किती पट हवा) १२च्या खाली, ११.८च्या आसपास ठेवा. प्लग एक पायरी थंड, एनजीकेत ६ऐवजी ७ (एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड, काही कंपन्यांत उलट). गॅप १.१ वरून ०.८ मिमी.

प्रश्न: १९९०ची १.६ आहे, एम४५ लावलाय. ५,५०० आरपीएमपर्यंत ०.५ बार, पुढे ०.३५ पर्यंत उतरतो. बेल्ट घट्ट आहे.

अजून घट्ट करू नका, बेअरिंग जातील. ७ हजारांवर एम४५ फक्त हवा दाबायलाच ९ अश्वशक्ती खातो, घर्षण धरून ११-१२. चार रेघांचा बेल्ट लहान पुलीवर अर्धाच वेढा घेत असेल तर तो सरकणारच. पुलीभोवती काळी भुकटी दिसली की निदान पक्कं. आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) हलवून वेढा वाढवा किंवा सहा रेघांच्या पुल्या लावा. क्रँकच्या पुढच्या सीलमधून तेल बेल्टवर येतंय का तेही बघा.

भुकटी नसेल तर ब्लोअरच्या आधी व्हॅक्युम मोजा. वरच्या वेगाला तो वाढत गेला तर फिल्टर किंवा मीटर अडवतोय. बूस्ट सगळीकडेच कमी असता तर बायपासवर संशय घेतला असता.

तुमची गाडी १९९०ची आहे म्हणून एक गोष्ट. क्रँक पुलीच्या मधल्या भागातल्या खाचा मोजा. आठ असतील तर निर्धास्त राहा. चार असतील तर क्रँकचं नाक छोटं आहे, त्याची चावी सैल होण्याचा इतिहास आहे, आणि जास्तीच्या बेल्टचा ताण तिथेच येतो. पुली डगमगत असेल तर आधी क्रँकचं काम करा.

प्रश्न: क्लच, डिफरन्शियल बदलावं लागेल का?

१.६चा २०० मिमी क्लच थोडे दिवस टिकेल. १.८चं फ्लायव्हील आणि २१५ मिमी क्लच थेट बसतो, तोच घ्या. १.६चं सहा इंची डिफरन्शियल मात्र कच्चं आहे. १९९४ पासूनच्या १.८चं सात इंची मिळालं तर सोडू नका. ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही त्यासोबतचेच लागतात.

प्रश्न: १.२ लिटरच्या हॅचबॅकला बसवता येईल का? रस्त्यावरच वापरायची आहे. (पुणे)

तांत्रिकदृष्ट्या येईल. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला नको.