तीन दांड्यांची गाडी

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो की जीपचं मोठेपण तिच्या ताकदीत नाही, ती कोणालाही उघडता येते यात आहे. त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी भांडायलाच आली. नागपुरात जीपचा विषय काढला की प्रत्येकाच्या घरातून एक तरी मामा निघतो, ज्याने म्हणे एकट्याने ती मेळघाटातून बाहेर काढली होती. मामांची पत्रं बाजूला ठेवतो. बाकीच्यांतली काही इथे घेतली आहेत.

वरूडला आमच्या संत्र्याच्या बागेत आजोबांची जीप शेडमध्ये उभी आहे. मागच्या पत्र्यावर ‘विलीस’ असं उठवलेलं आहे, कागदावर मात्र महिंद्रा. भाऊ म्हणतो, ही लढाईतली अमेरिकन गाडी आहे, लाखोंनी पैसे येतील. खरं काय?
– एक वाचक भगिनी, वरूड

ताई, शेडमध्ये जा आणि गाडीच्या समोर उभ्या राहा. बॉनेट हेडलाइटच्या बरंच वर चढलेलं दिसतंय का? मडगार्ड सपाट आणि बॉनेट उंच असेल तर ती दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतली नाही. ती सीजे-३बी. विलीस कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं. लढाईतल्या जीपचं इंजिन बसकं होतं, सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. नंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने सरळ बॉनेट उचललं. दिसायला कसं वाटेल याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मला तरी सगळ्या जीपांत तीच आवडते.

लढाईतल्या गाडीची गोष्ट वेगळी, आणि थोडी अन्यायाची. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली: हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. एवढ्या मुदतीला हो म्हणाली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम नावाची छोटी, दिवाळखोरीच्या काठावरची कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने दोन-चार दिवसांत नकाशे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला, शेवटच्या दिवशी, गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर उभी केली. गाडी पसंत पडली. पण एवढ्याशा कारखान्यातून हजारो गाड्या निघणार कशा, म्हणून लष्कराने तेच नकाशे विलीस आणि फोर्डला दाखवले. विलीसचं इंजिन सरस होतं, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. मोठी ऑर्डर विलीसला गेली, पाठोपाठ फोर्डनेही विलीसच्याच नकाशावर गाड्या काढल्या. लढाई संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत, पुढे ती ट्रेलर बनवत बसली.

आता तुमच्या कागदावरचं महिंद्रा. ही कंपनी १९४५ मध्ये लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली आणि तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, म्हणून १९४८ मध्ये नाव बदललं. विलीसच्या जीप सुट्या भागांत, पेट्यांत भरून मुंबईला यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. मग एकेक भाग इथेच व्हायला लागला. अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिची पिलावळ त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिली, तहसीलदाराला, वनखात्याला, साखर कारखान्याला.

तेव्हा भावाला सांगा, लाखोंचं गणित जरा आवरतं घे. आणि मूळचं पेट्रोल इंजिन अजून असेल तर कोणी कितीही म्हटलं तरी ते काढून डिझेल बसवू नका. गावोगावी तेच झालं. जुनी जीप मिळते, पण तिच्यात तिचं इंजिन मिळत नाही.

काका, जीपच्या समोर सात खाचा असतात, कारण ती सातही खंडांत पोहोचलेली पहिली गाडी होती, असं वाचलं. खरं आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, धरमपेठ

पोरा, गोष्ट छान आहे, पण लढाईतल्या जीपला नऊ खाचा होत्या. तेव्हा काय दोन खंड जास्त होते? विलीसची सुरुवातीची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. फोर्डने एकाच पत्र्यात खाचा पाडून स्वस्तात काम केलं आणि विलीसने ते उचललं. लढाईनंतर, १९४५ मध्ये, शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली. तिला मोठे हेडलाइट लावले, जागा कमी पडली, खाचा सात उरल्या. पुढे तोच कंपनीचा शिक्का झाला.

आणि त्या चेहऱ्यावरून केवढी भांडणं! महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची, शेतात आणि रानात फिरवायची छोटी गाडी विकायला काढली. दिसायला जुन्या जीपसारखी, कारण वंशच तो. जीपवाल्यांनी तक्रार केली आणि २०२० मध्ये तिकडच्या व्यापार आयोगाने जुन्या रूपाच्या रॉक्सरची विक्री थांबवली. महिंद्राला समोरचा भाग बदलावा लागला. नातवाचं नाक आजोबावर गेलं म्हणून नातवाला कोर्टात खेचावं, तसा तो प्रकार.

मी सेकंडहँड एमएम ५४०, महिंद्राची जीप, घेतली, फोर व्हील आहे म्हणूनच घेतली. ऑगस्टमध्ये शेतात रुतली. फोर व्हीलची दांडी टाकली तरी निघाली नाही, शेवटी ट्रॅक्टरने टोचन करून काढली. सगळं गाव हसलं. फोर व्हील खराब आहे का?
– शेतकरी, हिंगणघाट तालुका

दादा, खर्च करायच्या आधी पुढच्या चाकाजवळ जाऊन बसा. चाकाच्या बरोबर मध्ये मुठीएवढी गोल टोपी आहे का बघा, आणि तिच्यावर फिरवायची खूण. एका बाजूला ‘फ्री’, दुसऱ्या बाजूला ‘लॉक’. त्याला हब म्हणतात. कित्येक एमएम ५४० ला आधीच्या मालकाने डिझेल वाचवायला असे हब बसवून घेतलेले असतात. ते ‘फ्री’ वर असले तर आत बसून दांडी कितीही टाका, पुढचा एक्सल, म्हणजे चाकांना फिरवणारा दांडा, फिरेल, चाकं फिरणार नाहीत. माझी पैज यावरच. चिखलात उतरायच्या आधी खाली उतरून दोन्ही हब हाताने ‘लॉक’ वर फिरवायचे. रुतल्यावर ते चिखलात बुडालेले असतात आणि मग बोटं घालून शोधत बसावं लागतं.

हब ठीक असतील तर पुढचं ऐका, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. जुन्या जीपमध्ये तीन दांड्या. मोठी गिअरची. उरलेल्या दोन छोट्यांपैकी एक पुढचा एक्सल जोडते, दुसरी हाय आणि लो. खरी जादू लोमध्ये आहे. लो टाकला की चाकाला मिळणारा जोर साधारण अडीचपट होतो आणि वेग तेवढाच उतरतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते. आपल्याकडचे लोक हायमध्येच फोर व्हील टाकतात आणि ॲक्सिलरेटर दाबत बसतात. चाक जागच्या जागी फिरतं, काळी माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी खोल जाते.

दुसरं, फोर व्हील म्हणजे चारही चाकं कायम ओढतात असं नाही. एक्सलच्या मध्ये दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल असतो; तो साधा असला की जोर सुटलेल्या चाकाकडे पळतो. म्हणजे पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की उरलेली दोन नुसती बघत राहतात. म्हणून रस्ता बघून चालवायची: चाकं एकाच वेळी तिरपी खड्ड्यात जाऊ द्यायची नाहीत.

रुतलीच तर लो, दुसरा गिअर, पाय हलका. टायरची हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवा (परत भरायची सोय जवळ असेल तर). चाकांखाली पऱ्हाट्या घाला. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या असतात आणि आपण विंच शोधतो! फोर व्हीलच्या जाहिरातीत कोणी पऱ्हाटी दाखवत नाही, पण आमच्या भागात तिने काढलेल्या गाड्यांना गणती नाही.

आणि डांबरी रस्त्याला लागलात की पुढची ओढ काढून टाका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात. या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये तो फरक पचवायला काही नसतं. मातीवर चाक थोडं घसरून सुटतं, डांबरावर ते घसरत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर चिरचिरतात आणि दांडी अडकून बसते. अडकलीच तर हातोडा नको, थोडं सरळ रिव्हर्स घ्या, सुटेल.

ताडोब्यात सफारीला गेलो. सगळ्या गाड्या जिप्सी. मुलाने विचारलं, बाबांची आवडती जीप इथे काहून नाही? मला उत्तर देता आलं नाही.
– एक गृहिणी, अमरावती

ताई, मोहर्ली गेटवर पहाटे रांगेत उभं राहून ऐका, उत्तर कानाला मिळतं. जुन्या डिझेल जीपचा धडधडाट वाघाच्या आधी माणसालाच नको होतो. जिप्सी पेट्रोलची, अंगाने हलकी, जेमतेम टनाच्या आसपास. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली तेव्हा इंजिन होतं फक्त ९७० सीसीचं, पुढे १.३ लिटर झालं. हलकी असल्यामुळे वाळूत, नाल्यात कमी रुतते, आणि अरुंद रस्त्यावर झटकन मागे घेता येते. पाठ मात्र तिला शिव्या देते, कारण चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे आहेत. २०१९ च्या सुमारास जिप्सी बंद झाली, तरी गेटवर तीच. ज्या गाडीचं सामान गावच्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं ती गाडी अशी लवकर जात नाही.

वय २६, बेसा. थार घ्यायची फार इच्छा आहे. बाबा म्हणतात, शहरात कशाला पाहिजे? मित्र म्हणतो, त्यापेक्षा कंपास घे, खरी जीप तीच, नावच जीप आहे. तुमचं मत?

नावाचं म्हणशील तर मित्र बरोबर आहे. विलीस १९५३ मध्ये कायझरने घेतली, मग १९७० मध्ये एएमसी, १९८७ मध्ये क्रायस्लर, आता जीप हे नाव स्टेलँटिसकडे आहे. कंपास पुण्याजवळ रांजणगावला बनते, २०१७ पासून. गाडी चांगली, पण तिला शिडीसारखी वेगळी चेसिस नाही, कारसारखा एकसंध सांगाडा आहे. रस्त्यावर त्याचा फायदाच. थारला वेगळी चेसिस आहे आणि लो गिअरची दांडीही आहे, फक्त घेताना ती फोर बाय फोर आहे ना हे बघ, कारण फक्त मागच्या चाकांची थारही विकतात आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. रँग्लर या वंशाची थेट वारस, पण तिची किंमत ऐकून बाबा तुझ्याशी बोलायचे थांबतील.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. फुटाळ्यावर संध्याकाळी उभ्या असलेल्या थारांतल्या बहुतेकांची ती दांडी अजून नवीकोरी आहे. त्यात वाईट काही नाही, हौस आहे. पण ताकदीसाठी घेतोय असं घरी सांगू नकोस. आणि कापडी हूडवाली घेऊच नकोस. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता कळेल, मी काहून म्हणालो ते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आमच्याकडे भंडारा, उमरेडच्या बाजूने काळी-पिवळी जीप यायच्या, आत किती माणसं आहेत हे मालकालाही सांगता यायचं नाही. रस्त्यात बंद पडली की ड्रायव्हर सीटखालून चार पाने, एक पेचकस आणि तारेचा तुकडा काढायचा आणि लोक चहा पिईपर्यंत गाडी सुरू. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूसही तिचं इंजिन उघडायला घाबरायचा नाही. आजच्या गाडीचा दिवा लागला की आमच्या गॅरेजमधला पोट्टा आधी लॅपटॉप शोधतो. गाडी त्याने चांगली झाली, प्रदूषण कमी झालं, मान्य. पण जीप म्हटल्यावर जे लोकांना आवडायचं, ते यात मला सापडत नाही. घ्यायची तर घे, बाबांना पहिल्याच रविवारी रामटेकला घेऊन जा.

वडिलांची १९६६ ची जीप चालू स्थितीत आहे. कागदपत्रं नीट करायची आहेत. विंटेज म्हणून नोंदवावी का?
– एक निवृत्त जवान, कामठी

साहेब, दोन वाटा आहेत. साध्या खासगी नोंदणीत १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, वर पर्यावरण कर. गाडी रोज चालवता येते. दुसरी वाट २०२१ पासूनची: ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुम्ही दर रविवारी ती बाहेर काढता असं पत्रात लिहिलंय. मग विंटेजच्या भानगडीत पडू नका.

आरटीओत जायच्या आधी चेसिस नंबरवरचा गंज आणि रंगाचे थर रॉकेलच्या फडक्याने हळूच पुसा आणि पेन्सिलीने कागदावर ठसा घ्या. घिसाईचं मशीन लावू नका, आकडाच उडाला तर पुढचं सगळं अवघड होतं. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का बघा. नसेल तर आधी ती करून घ्या.