युरिया वाढवूनही पीक पिवळंच का?

प्रश्न: दरवर्षी युरिया वाढवतो, तरी पीक पिवळं पडतं, जमीन टणक झाली आहे. फवारणीनंतर डोकं दुखतं, हात थरथरतात. रासायनिक खतं एकदम बंद करावीत का?

उत्तर: आधी तुमच्या हातांचं बोलू, ते जास्त तातडीचं आहे. थरथर, डोकेदुखी, घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही ऑर्गेनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. असं होताच फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि फवारलेल्या औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाचं नाव कळलं तर योग्य उतारा लगेच देता येतो. घरी उलटी काढायला लावू नका.

फवारण्या वाढण्यामागे बऱ्याचदा युरियाच असतो. युरियातल्या जादा नत्राने (नायट्रोजनने) पानं लुसलुशीत होतात आणि मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडी तुटून पडतात.

आता पिवळेपणा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. तिथे युरिया ओतून काहीच होत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा.

जमीन टणक होते ती मुख्यतः सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणखतातून मातीत येणारा कार्बन, घटल्याने. पाचट जाळलं, शेणखत बंद झालं, की मातीचे कण धरून ठेवणारं काही उरत नाही. अशा जमिनीत दिलेला नत्र टिकतही नाही. वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, उरलेला नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली विहिरीपर्यंत जातो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असेल तर ते तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने तीव्रता वाढते. विहिरीचं पाणी तपासून घ्याच.

खतं एकदम बंद केलीत तर उत्पादन कोसळेल. युरिया हप्त्यांनी द्या, वापशावर (जमीन ओलसर असताना, चिखल नसताना), मातीआड करून. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून फुलोऱ्याआधी, साधारण 45 दिवसांनी गाडा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. शेतात नागमोडी फिरत 8-10 ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल व्ही आकाराचे खड्डे घ्या, कडेची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना सावलीत वाळवा. बांधाजवळची, उकिरड्याची किंवा नुकतंच खत दिलेली जागा टाळा.